भिंतीपलीकडची लेझरवाली

"काकू, चक्की बंद काहून? लावा ना लवकर."

रोज सकाळी माझ्या अर्ध्या उघडलेल्या शटरवर बोटाच्या पेरानं टकटक करत ती हे म्हणायची. हातात दळणाचा डबा नाही, पिशवी नाही. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला, आणि चेहरा असा की मी चक्की लावली नाही तर हिच्या घरी आज चूलच पेटणार नाही.

आता तुम्हीच सांगा, चक्कीच्या शेजारी राहणारा माणूस चक्की बंद करा म्हणून भांडतो की चालू करा म्हणून? माझं अर्धं आयुष्य शेजाऱ्यांशी भांडण्यात गेलं. समोरचे रिटायर्ड मास्तर कानात कापूस घालून पेपर वाचतात, आणि तो कापूस मला दिसेल अशा बेतानं घालतात. बाजूच्या बाईंच्या भिंतीवरच्या तसबिरी माझ्या हादऱ्यानं तिरप्या होतात म्हणे. त्या सरळ करताना बाई इतक्या मोठ्यानं उसासा टाकतात की चालू चक्कीतही मला ऐकू येतो. आमचे मालक गेल्यापासून चक्की मीच चालवते. नागपुरात तिखट खाणाऱ्यांची कमी नाही, पण तिखट बोलणारी म्हणून आमच्या गल्लीत माझंच नाव घेतात, आणि ते मी कष्टानं कमावलेलं आहे. अशा मला ही पोट्टी सकाळी उठून म्हणते, चालू करा. मला वाटलं, टोमणा आहे.

"टोमणा मारून राहिली का वं मले?" मी एकदा कमरेवर हात ठेवून विचारलंच.

"नाही ना काकू! खरंच लावा. आणि चणा डाळ आली असन तर आधी डाळच घ्या."

गहू नाही, ज्वारी नाही, डाळ. का, तर म्हणे डाळीला चक्की जास्त हादरते. मी तिच्याकडे पाहतच राहिले. पुढे दीड-दोन वर्षं मी तिच्याकडे अशीच पाहत राहिले, आणि खरं सांगते, ती गेल्यावरही माझं पाहणं काही संपलेलं नाही.

गल्लीत तिला सगळे लेझरवाली म्हणत. नाव मी लिहीत नाही. तिला आपलं नाव कुठं छापून आलेलं आवडायचं नाही, आणि तिचं आवडणं-नावडणं मी अजून सांभाळते.

ती आली तेव्हा चक्कीमागची खोली कितीतरी दिवस रिकामी होती. त्या खोलीत भाडेकरू टिकत नाही. मांडणीवरचे कप आपोआप कडेकडेला सरकतात आणि खाली पडतात. म्हणून मी कोणालाही आधीच सांगून टाकते, मागून कटकट नको. तिलाही सांगितलं, "हे बघ पोरी, या भिंतीच्या पलीकडे माही चक्की आहे. दिवसभर धडधड चालते. झोप येणार नाही, अभ्यास होणार नाही. नंतर माह्यासमोर रडायचं नाही."

तिनं भिंतीला तळहात लावला. डोळे मिटले. पलीकडे कोणाची तरी ज्वारी दळून होत होती. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली आणि मग हसून म्हणाली, "मले हीच खोली पाहिजे."

मी मनात म्हटलं, एक तर हिच्या डोक्यात फरक आहे, नाही तर हिच्या मागं पोलीस आहेत. पण जाताना तिनं वाकून "जयभीम काकू" म्हटलं, डोळे असे स्वच्छ होते, आणि मी चावी देऊन टाकली.

सामान आलं ते पाहून आणखी गोंधळले. पलंग नाही, कपाट नाही. लाकडी खोकी, वायरींची भेंडोळी, एक जाड काळा पडदा. सगळ्यांत शेवटी ऑटोतून उतरली ती स्वतः, मांडीवर एक ॲल्युमिनियमचा डबा घेऊन, तान्हं लेकरू धरतात तसा दोन्ही हातांनी धरून. सीताबर्डीहून आणलेला टेबल फॅन ऑटोतच विसरली, डबा मात्र कोणाच्या हाती दिला नाही.

त्या डब्यात काय आहे हे विचारायला मी चार दिवस थांबले. माझ्या स्वभावाला चार दिवस फार झाले.

तिनं झाकण उघडून दाखवलं. आत एका पत्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा होता, त्याला बारीक वायरी चिकटवलेल्या. त्याच्यासमोर अगदी जवळ काचेसारखी एक चकती, शर्टाच्या गुंडीएवढी. तिला मी तेव्हापासून गुंडीच म्हणत आले आणि पुढे तीही म्हणायला लागली.

"हा लेझर," ती दाण्याकडे पेन्सिल दाखवत म्हणाली, "आता चालू आहे."

"कुठं चालू आहे? उजेड तर दिसत नाही."

"याचा उजेड डोळ्याले दिसत नाही काकू."

"बरं. मग?"

"याचा रंग एका जागी राहत नाही. जरा ऊन लागलं, जरा करंट हलला, की सरकला. लहान अन् स्वस्त लेझर आहे ना, चंचल असतो."

म्हणजे बघा. उजेड, जो दिसत नाही. त्याचा रंग, जो अर्थातच दिसत नाही. आणि तो रंग हलतो म्हणून ही पोट्टी इथं माझ्या खोलीत पंख्याविना बसली आहे. मी बारावीपर्यंत शिकलेली आहे, पण फिजिक्सचा पेपर मी अर्धा कोरा दिला होता. त्या दिवशीही डोकं तसंच कोरं राहिलं.

मग तिनं छोट्या टीव्हीसारख्या पडद्यावर एक रेघ दाखवली. जाड, केसाळ, थरथरणारी. "हा एकटा असतो तेव्हा असा असतो," ती म्हणाली. नंतर गुंडीखालचा एक स्क्रू तिनं श्वास रोखून हळूच फिरवला. रेघ एकदम बारीक झाली, सुईनं ओढल्यासारखी, आणि तशीच राहिली.

"काय केलं तू?"

"काहीच नाही. लेझरचा उजेड या गुंडीच्या कडेतून आत जाते अन् आतल्या आत गोल गोल फिरत राहते. त्यातला थोडासा उलटा फिरून परत लेझरमध्ये येते. आपलाच उजेड परत आला की लेझर शांत होते. गुंडी सांगन त्या रंगावर बसते."

"म्हणजे बायकोनं नवऱ्याले वळण लावावं तसं?"

ती इतकी हसली की केसातली पेन्सिल पडली. "तसंच समजा. पण परत येणारा उजेड थोडाच पाहिजे. जास्त झाला तर लेझर भडकते."

"मग तर अगदी तसंच," मी म्हटलं.

चक्कीचं कोडं त्यानंतर सुटलं, म्हणजे मला वाटलं की सुटलं. मोठ्या ठिकाणी असले लेझर भारी टेबलांवर ठेवतात, हवेवर तरंगणाऱ्या, जिथं कोणी जोरात पाऊल टाकत नाही. हिला असा डबा करायचा होता की जो ट्रकमध्ये ठेवा, खाणीत न्या, विहिरीच्या काठावर ठेवा, रेघ हलायची नाही. जमिनीखालून गॅस गळतो का, पूल कुठं तडकतो का, असलं काय काय त्यातून समजतं म्हणे. "जिथं हादरे बसतात तिथंच याचं काम आहे काकू," ती म्हणायची. "अन् तुमच्यासारखे हादरे मले अख्ख्या नागपुरात कुठं सापडले नाहीत." माझ्या चक्कीचं आजवर कोणी असं कौतुक केलं नव्हतं. त्या रात्री मी समोरच्या मास्तरांच्या दाराकडे जरा ताठ मानेनं पाहिलं.

पण हे सगळं हौसेचं नव्हतं. ती सगळी यंत्रं एका संस्थेची होती, तिला वापरायला दिलेली. उन्हाळ्यात दोन साहेब येऊन पाहणार होते. चक्की चालू असताना रेघ बारीक राहिली तर कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत तिला एक शेड मिळणार होती, तिथं असे डबे बनणार होते, आणि ते काम तिच्या हाताखाली चालणार होतं. नाही राहिली तर सामान परत. मग तिनं दोनदा नको म्हटलेली दूरगावच्या कोचिंग क्लासमधली नोकरी. तिथं बारावीच्या पोरांना वर्षानुवर्षं तीच गणितं शिकवायची. 'नोकरी' हा शब्दसुद्धा ती हळू बोलायची, घरात आजारी माणसाचं नाव घेतात तसा.

हादरे हवे म्हणून तिनं स्वतः चणा डाळ आणून दळायला सुरुवात केली. दळून झाली की डबा माझ्या ओट्यावर विसरून आत पळायची. एवढ्या बेसनाचं करायचं काय? त्या महिन्यात आमच्या गल्लीत प्रत्येक घरी पाटवड्या झाल्या, मग पिठलं, मग परत पाटवड्या. समोरचे मास्तर कानातला कापूस काढून मला विचारायला आले, "हे बेसन कोणत्या योजनेत मिळून राहिलं?" मी म्हटलं, "लेझर योजनेत." तेही गोंधळून परत गेले. मला तेवढंच समाधान.

एकदा तिची आई आली, पारशिवनीकडच्या गावाहून. पिशवीत तुरीच्या शेंगा, डोक्यावर पदर. पोरगी आत डब्यात डोकं घालून बसलेली, म्हणून ती बाहेर माझ्यापाशी टेकली. चक्कीकडे पाहत पाहत तिनं हळूच विचारलं, "बाई, माही पोरगी करते काय वं इथं?"

मी विचार केला. काय सांगणार? म्हटलं, "उजेडाले एका जागी बसवते."

तिनं मान हलवली. "मग, बसला का?"

"बसते कधी कधी. मग उठते."

"तिचा बापबी असाच होता," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

मे महिना लागला आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. तुम्ही नागपूरचे असाल तर मे महिना सांगायला नको, आणि नसाल तर सांगून समजणार नाही. सगळ्या गल्लीत कूलर घुरघुरत होते आणि ही त्या खोलीत बिनाकूलरची बसलेली. कूलरची हवा दमट, गुंडीवर ओल धरते म्हणे. डोक्यावर ओला टॉवेल, खिशात ऊन बाधू नये म्हणून मी जबरदस्तीनं टाकलेला कांदा.

"मरशील वं पोरी!" मी दारातून ओरडायची. "उजेड बसन की नाही माहीत नाही, तू मात्र आडवी होशील!"

"दोन मिनिट काकू."

तिची दोन मिनिटं मला पाठ झाली होती. मी पन्ह्याचा गडवा आत ठेवायची आणि रिकामा झाला की नाही ते पाहायला परत जायची. बहुतेक वेळा तो तसाच असायचा. मग मी पदर खोचून समोर उभी राहायची आणि ती औषधासारखं घटाघटा प्यायची, डोळे पडद्यावरच. रेघ बारीक असायची त्या दिवशी मला "थँक यू काकू" मिळायचं. जाड असली की काहीच नाही.

साहेब यायची तारीख ठरली आणि तिच्या अंगात काहीतरी संचारलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर घासतो. मी चक्की धुऊन काढली, दाराला रंगाचा हात मारला. तिनं गुंडी घासली.

आता ही गुंडी तिनं स्वतःच्या हातानं केलेली होती. छोट्या मोटारीवर फिरवत, हिऱ्याच्या बारीक भुकटीचा लेप लावून, कापडानं कड घासत घासत. त्या कडेवर एक ओरखडा राहून गेला होता, इतका बारीक की तिच्या दुर्बिणीतूनच दिसायचा. मला तिनं दाखवला होता, मला काही दिसला नव्हता, मी "हो हो" म्हटलं होतं. पण तिला तो खुपायचा. मोठी माणसं येणार, आणि आपल्या गुंडीला डाग! तिनं ती पत्र्यावरून काढली आणि घासत बसली. जेवायला हाक मारली तर हातानंच नाही म्हणायची. शेवटी एका दुपारी नाचत बाहेर आली, माझे पिठाचे हात धरून मला गरागरा फिरवलं.

"गेला काकू! ओरखडा गेला! आता उजेड आत पहिल्यापेक्षा किती तरी जास्त वेळ फिरते. अशी गुंडी माह्या सरांकडेबी नाही!"

त्या संध्याकाळी तिनं गल्लीत संत्रा बर्फी वाटली. मास्तरांनी दोन घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरवर टकटक झाली नाही. मी आपली चक्की लावली. ज्वारी होती कोणाची तरी. थोड्या वेळानं ती मागच्या दारानं आली. चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा.

"काकू," ती म्हणाली, "चक्की बंद करा."

मी ऐकलं ते नीट ऐकलं का, मला कळेना. इतक्या वर्षांत हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल आणि प्रत्येकाला दोन सुनावल्या असतील. तिच्या तोंडून ऐकलं आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला.

चक्की थांबली. गल्ली एकदम मुकी झाली. आम्ही दोघी आत गेलो. पडद्यावरची रेघ जाड होती, केसाळ, थरथरत होती. तिनं स्क्रू फिरवला. पुढं, मागं, पुढं. रेघेला काही फरक नाही. समोर गुंडी आहे हे जणू लेझरच्या गावीच नव्हतं.

"हादऱ्यामुळं नाही," ती पुटपुटली. "मग काहून?"

हे "मग काहून" तिनं त्या दिवशी किती वेळा म्हटलं! माझ्याकडे बघून, भिंतीकडे बघून, पन्ह्याच्या गडव्याकडे बघून. मला उत्तर माहीत असतं तर मी काय दिलं नसतं? पण मला प्रश्नच धड कळलेला नव्हता.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. "मले वाटते काकू, त्या ओरखड्यामुळंच उजेड परत येत होता. त्याच्यावर आपटून उलटा फिरत होता. मी एवढं घासलं, एवढं घासलं, की आता आत नुसतं फिरते, परत काहीच येत नाही."

आणि तेव्हा, बाप्पा, मला एकदम सगळं कळलं! मी गुडघ्यावर थाप मारली. "अवं, चक्कीचंबी तसंच आहे! दगड गुळगुळीत झाला की दळत नाही. त्याले टाकी लावा लागते, खडबडीत करा लागते. तेव्हाच पीठ पडते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरोबर काकू. अगदी बरोबर." मी तर हवेतच. रात्री झोपताना स्वतःशी म्हटलं, बारावीच्या त्या पेपराच्या वेळी हे डोकं कुठं गेलं होतं?

पण गुंडीला टाकी लावायची कशी? तिनं सुई हातात घेतली, गुंडीच्या कडेपाशी नेली. परत ठेवली. ओरखडा मारता येतो, पण तोच ओरखडा, तेवढाच, तिथंच, कोण मारणार? जास्त झाला तर गुंडी फुकट, आणि दुसरी करायला आता वेळ कुठं होता? तिनं सुई मलाच देऊन टाकली. "घरी ठेवा. नाही तर मी काहीतरी करून बसन."

साहेब आले ते भर दुपारी. एक वयस्क, पांढऱ्या केसांचे, शांत. दुसरे तरुण, गळ्यात टाय, त्या उन्हात! खोली एवढीशी, त्यात तिघांची दाटी, म्हणून दार उघडंच ठेवावं लागलं. बाहेरची झळ सरळ आत येत होती. मी दारात उभी होते, कारण तिनं मला सांगितलं होतं, "मी इशारा केला की डाळ लावा. चालणार तर नाहीच काकू, पण ठरलं तसं दाखवून टाकू."

तिनं पडदा चालू केला. जाड रेघ. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, "सध्या बसत नाही सर. आधी बसायचं." टायवाल्यानं घड्याळ पाहिलं. वयस्क साहेब म्हणाले, "असू दे, चक्की लावा."

मी डाळ लावली. अशी लावली की भिंतीचे पोपडे पडले. आणि धावत परत दारात आले.

ती डब्यापासून लांब, हात मागं बांधून उभी होती. पडद्यावरची रेघ थरथरत थरथरत एकदम आवळली, आणि बारीक झाली. सुईनं ओढल्यासारखी. चक्की दणाणत होती, गडव्यातलं पन्हं हिंदकळत होतं, मांडणीवरचा एक कप सरकत सरकत खाली पडून फुटला, आणि रेघ हलली नाही. केसभर हलली नाही!

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टायवाला हसला. वयस्क साहेब पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "छान," ते म्हणाले. "आता कशामुळे बसलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. बोल वं पोरी, बोल. कळमेश्वर समोर उभं आहे.

"माहीत नाही सर," ती म्हणाली.

"तुम्ही काही केलं का?"

"काहीच नाही. मले वाटलं होतं ओरखड्यामुळं बसायचं. ओरखडा आता नाही. तरी बसलं. म्हणजे मले जे समजलं होतं तेच चूक होतं."

मला राहवलं नाही. "साहेब, रोज चालते ते! मी पाहते ना रोज!" मी दारातून म्हटलं. साहेब माझ्याकडे पाहून हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुःख आहे. वाईट असता तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत सुनावत पोचवला असता.

"चालतं हे दिसलं," ते तिला म्हणाले. "पण का चालतं हे तुम्हालाच माहीत नसेल, तर दुसरा कसा बनवणार? शंभर कसे बनवणार?"

"बरोबर आहे सर," ती म्हणाली.

बरोबर आहे सर! ते गेल्यावर मी तिच्यावर असा तोंडाचा पट्टा सोडला की बाजूच्या बाई उसासा टाकायच्या विसरल्या. "अवं, खोटं बोल म्हटलं नाही मी! पण गप तर राहता आलं असतं! विचार करून सांगतो म्हणता आलं असतं! रेघ बसली होती ना? सगळ्यांनी पाहिली ना? मग?"

ती फुटलेल्या कपाचे तुकडे वेचत होती. "माहीत नव्हतं काकू," एवढंच म्हणाली. "मग काय सांगू?"

मी रागानं घरी आले आणि कणीक मळत मळत रडले. मला समजतच नव्हतं. चालणारी गोष्ट हातात असताना माणूस ती अशी सोडून कशी देतो? माझी चक्की का चालते हे मला तरी कुठं माहीत आहे? बटण दाबते, चालते. मी कधी गिऱ्हाईकाला सांगितलं का, की बाई, तुमचं दळण दळलं खरं, पण का दळलं ते माहीत नाही, तर तुम्ही दुसरीकडे जा?

सामान न्यायला गाडी आली. लाकडी खोकी, पडदे, ॲल्युमिनियमचा डबा, सगळं गेलं. गुंडी तिची स्वतःची होती, ती तिनं कापसात गुंडाळून ठेवली. जाताना माझ्या पायाशी वाकली तेव्हा मी तिला धरून उभी केली आणि छातीशी लावली. तिच्या काळ्या कुर्त्यावर माझं सगळं पीठ लागलं. "झटकून घे," मी म्हटलं. तिनं झटकलं नाही.

खोलीत आता एक मोबाईल दुरुस्तीवाला राहतो. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, काकू, दुपारी चक्की बंद ठेवता का जरा? त्याला मी काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचे फोन यायचे, सणावारी. बरी आहे, क्लासची पोरं हुशार आहेत, जेवण तिकडचं फिकं आहे. गुंडीचं ती काढायची नाही आणि मीही काढायची नाही. मध्ये एक उन्हाळा गेला.

परवा सकाळी चक्कीपुढं गर्दी असताना फोन वाजला. तीच.

"काकू! कळलं!"

"काय कळलं वं? लग्न ठरलं का?"

"नाही ना काकू! गुंडीचं कळलं! जुन्या वहीतले आकडे मांडता मांडता कळलं!" ती इतकी जोरात बोलत होती की मी फोन कानापासून लांब धरला. "उजेड परत येतच होता काकू! ओरखडा गेला तरी येतच होता. कोणतीच गोष्ट आतून एवढी साफ नसते. फक्त तो वेळेवर येत नव्हता! घासून झाल्यावर मी गुंडी परत बसवली ना, ती केसाच्याबी कितीतरी पट कमी, एवढीशी मागं बसली. तेवढ्यानं उजेडाची वेळ चुकली. त्या दिवशी दार उघडं होतं, गरम हवा आली, खालचा पत्रा तापून फुगला अन् वेळ जुळली. बस! एवढंच होतं!"

दगड तापला की चक्कीच्याही दोन दगडांतली फट बदलते, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण एकदा माझं शहाणपण चुकलं होतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

"मग त्या साहेबांले सांग ना पोरी! लगेच सांग!"

"सांगितलं काकू. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून बनवून घेतलं तोपर्यंत. त्यांचं काम सुरूबी झालं." बाजारात आज वांगी नव्हती म्हणावं, इतक्या सहज ती म्हणाली.

"मग? तुले काय मिळालं?"

"कळलं ना काकू," ती म्हणाली. हसत होती. खोटं हसणं मला ओळखता येतं, ते खोटं नव्हतं. मागं घंटा झाली, पोरांचा गलका ऐकू आला. "ठेवते काकू, तास आहे." आणि फोन बंद.

मी फोन कमरेला खोचला. समोर गहू घेऊन आलेली बाई म्हणाली, "काय झालं काकू? कोणाचा फोन होता?"

"आमच्या पोट्टीचा. तिले एक गोष्ट समजली."

"मग चांगलं झालं ना. तुम्ही रडून काहून राहिल्या?"

मी पदरानं डोळे पुसले, तर पदराचं पीठ डोळ्यांत गेलं.

"मले काय माहीत," मी म्हटलं, आणि तिचे गहू चक्कीच्या पेटीत ओतले.